सेहेचाळीस ओहमचा तवा

वन्संची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. नाकात नळी, छातीवर वायरी, आणि उशाशी एक कोवळी नर्स दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत उभी. माझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि वन्संनी डोळे न उघडताच विचारलं, “किती?” नर्सला वाटलं, तिलाच विचारलं. ती म्हणाली, “एकशे दहा, मावशी.” वन्संनी एक डोळा उघडून तिच्याकडं बघितलं. “एकशे दहावर भाकरी व्हायची न्हाय, बाई.” ती पोर भांबावली. मला मात्र हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. मग पुढं होऊन सांगितलं, “दोनशे अठ्ठावीस, वन्सं. निघताना बघून आले.” “मग चिंता न्हाय,” म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यापुढं बसले होते, तेव्हा दवाखान्यातून यांचा फोन आला. यांनी फक्त माझं नाव घेतलं. मला कळलं. मी तव्याचं बटण बंद केलं. भिंतीवरच्या दोन मीटरांपैकी अँपिअरचा काटा सरकन शून्यावर आला. व्होल्टचा काटा होता तिथंच राहिला. असं का होतं ते मला वन्संनीच पूर्वी शिकवलं होतं. बटण बंद केलं की धारा, म्हणजे अँपिअर, थांबते, पण रेटा, म्हणजे व्होल्ट, दारात उभाच असतो. मी त्या काट्याकडं बघत राहिले.

आता काही आठवडे गेले आहेत. येणारीजाणारी माणसं थांबली आहेत, आणि मला वाटलं, आपल्याला माहीत असलेल्या वन्सं कुणालातरी सांगाव्यात. महानंदा त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भावंडांचं करता करता वय निघून गेलं असं नातेवाईक सांगायचे. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, “माझा रोध जास्त, शैला. कुणाची धारा इथपर्यंत पोचलीच न्हाय.” आणि स्वतःच खो खो हसल्या. शाळेतल्या मुली मागं त्यांना ‘व्होल्टबाई’ म्हणायच्या. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं. आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि कुणी ‘मला असं वाटतं’ म्हणालं की लगेच प्रश्न, “वाटतं की मोजलंस?”

मी मंगळवेढ्याची. आमच्याकडं काळ्या रानातली ज्वारी, मोत्यासारखी टपोरी. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले ती भाकरी थापायचा हात बरोबर घेऊन. बाकी फार काही आणलं नव्हतं. गणिताची आणि माझी तर शाळेतच फारकत झाली होती. सासरी अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. सासूबाई रागावल्या की कानडीत बोलायच्या, त्यामुळं पहिली दोन वर्षं त्या मला फार शांत बाई वाटल्या! पण पहिल्याच दिवशी माझी कडक भाकरी मोडून त्यांनी कानाशी नेली, कट्कन आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “हात चांगला हाय पोरीचा.” त्या एका वाक्यावर मी सासर जिंकल्यासारखी वागत होते. कडक भाकरी म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, पापडासारखी पातळ थापायची, आणि मंद, एकसारख्या आचेवर कपड्यानं दाबत दाबत तिच्यातला ओलावा पार घालवायचा. मग ती महिनाभर टिकते. जरा आच कमी पडली की वातड होते, आणि वातड कडक भाकरीला कुत्रंही तोंड लावत नाही.

हळूहळू शेजारणी मागू लागल्या, मग पेठेतल्या एका दुकानदारानं विचारलं, आणि मी सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या करून विकू लागले. हे एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. घरात माझी मिळकत आली तेव्हा माझी मान जरा ताठ झाली हे कबूल करते. पण भाकऱ्या कोळशाच्या शेगडीवर. सासूबाईंना दमा. त्या दिवसभर ढास लागून बसायच्या आणि तरी मला कधी ‘बंद कर’ म्हणाल्या नाहीत. ते वन्संना बघवेना. एका दुपारी त्या शाळेतून येताना रिक्षातून एक लोखंडी तवा घेऊन उतरल्या. खाली कॉइल बसवलेली, वायर लोंबणारी. “नोडु,” म्हणजे बघ, असं मोठ्यानं आईला म्हणाल्या, “आजपासून धूर बंद.” शेगडी त्यांनी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली. मला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी सकाळच्या भाकऱ्या अशा झाल्या की मीच एक मोडून कानाशी नेली. संध्याकाळच्या मात्र वातड. मला वाटलं, नवा तवा, सवय नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळच्या खणखणीत, संध्याकाळच्या मऊ. मी आच जास्त वेळ दिली तर कडा करपायच्या आणि मध्ये ओलं राहायचं. दुकानदार चांगला माणूस, पण एकदा तो गठ्ठा परत घेऊन दारात आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “वैनी, तुमची सकाळची भाकरी टाळी वाजवतीया, आन संध्याकाळची टॉवेलागत घडी हुतीया. टॉवेलच इकायचा तर सोलापुरात काय तोटा हाय का?” गल्लीतल्या बायका हसल्या. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती, त्याला माल लागणार होता. तोवर सुधारलं नाही तर दुसरी बाई बघावी लागेल, असं तो जाता जाता सांगून गेला.

मी म्हणाले, तव्यातच काहीतरी खोट आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या, “नाचता येईना अंगण वाकडं! सकाळी तोच तवा चालतोय की गं.” त्यांचंही खोटं नव्हतं. गंमत अशी की आठवड्यातून एक दिवस संध्याकाळच्या भाकऱ्याही कडक व्हायच्या. तो मागांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी हे घरी असायचे. झालं, शेजारणींना आयतंच मिळालं. “नवरा घरात असला की भाकरी कडक, कामाला गेला की वातड!” पाणी भरायला गेले की पाठीमागून खुसखुस. हेही असे की सुट्टीच्या संध्याकाळी मुद्दाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि विचारायचे, “बसू का अजून जरा? मालाचा प्रश्न हाय.” मी वरवर हसायचे, पण आत तुटत होतं. कारण सासूबाईंनी दुसरंच धरलं होतं. त्यांच्या मते माझा भाऊ मंगळवेढ्याहून ज्वारी धाडतो ती नवी-जुनी मिसळून धाडतो. कधी चांगली हाताला लागते, कधी नाही. भावाला सांग, आता पोतं पाठवू नको म्हणून.

माहेरच्या ज्वारीवर बोट! मी रडले. माझा हात वाईट म्हणाल्या असत्या तर एक वेळ सोसलं असतं. पण भावाला कुठल्या तोंडानं सांगू की तुझी ज्वारी आमच्याकडं चालत नाही? आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या हाताचा भरवसा वाटेनासा झाला होता. ज्या एका गोष्टीवर मी त्या घरात उभी होते, तीच पायाखालून सरकत होती.

वन्संनीही सुरुवातीला पिठालाच दोष दिला, हे सांगायला हवं. त्या काही देवी नव्हत्या. “आईचं बरोबर असेल, पीठ बदलून बघ,” म्हणाल्या. पण त्यांचं बदलून बघणं शाळेतलं. “एका वेळी एकच बदलायचं, शैला. बाकी सगळं हाय तसं.” सासूबाईंच्या बहिणीकडून अक्कलकोटकडची ज्वारी आणली. संध्याकाळी वातड. मग एकाच पोत्यातलं पीठ, अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. सकाळी कडक, संध्याकाळी वातड. मग हात बदलला, म्हणजे संध्याकाळी वन्सं स्वतः थापायला बसल्या. त्या भाकरीबद्दल न बोललेलं बरं. अक्कलकोट तालुक्याचा नकाशा त्यापेक्षा गोल असेल. त्यांनीच ती उचलून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “हा प्रयोग बाद.” त्या दिवसांत मी पहिल्यांदा मनापासून हसले.

“पीठ न्हाय, हात न्हाय. म्हंजे आता तवाच मोजायचा,” वन्सं म्हणाल्या. शाळेतले मीटर सेलवरच्या प्रयोगांचे, घरच्या विजेला ते चालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बाजारातून दोन गोल, काट्याचे मीटर आणले, लाकडी फळीवर बसवले आणि ओळखीच्या वायरमनकडून जोडून घेतले. कुठला कुठं जोडायचा हे त्याच्या डोक्यावर उभं राहून. एक मीटर तव्याकडं जाणाऱ्या वायरीच्या वाटेतच बसवला. तो अँपिअरचा. “हा नाक्यावरचा शिपाई, जाणारं सगळं ह्याच्यासमोरनं जायचं,” असं त्या म्हणाल्या. दुसरा तव्याच्या बटणाच्या अलीकडं, दोन्ही वायरींमध्ये बाजूनं लावला, तो व्होल्टचा. सासूबाई पाटावर बसून हा सगळा खटाटोप बघत होत्या. “देवाला दोन दिवे लावावेत तसं काय लावलंस गं भिंतीला?” असं त्यांनी विचारलं.

सकाळी तवा लावला आणि वन्संनी काटे वाचले. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. मग त्यांनी माझ्यापुढची परात ओढली, कोरड्या पिठावर तळहात फिरवून पाटी केली आणि बोटानं आकडे लिहिले. “हे बघ. दोनशे तीसला पाचानं भाग. सेहेचाळीस. हा तव्याचा रोध, सेहेचाळीस ओहम. आता दोनशे तीस गुणिले पाच. साडेअकराशे. ही शक्ती, साडेअकराशे वॅट. एवढी आच तुझ्या भाकरीला मिळती.” मला ओ की ठो कळलं नाही. मी म्हणाले, “वन्सं, पीठ सांडतंय.” त्या म्हणाल्या, “सांडू दे.”

संध्याकाळी शाळेतून आल्या त्या चपलांसकट आत. बाहेर सगळ्या पेठेत मागांची खडखड चालू, घराघरांत दिवे लागलेले. मी तवा लावला. व्होल्टचा काटा सकाळपेक्षा बराच खाली अडकलेला. एकशे चौऱ्याऐंशी. अँपिअर चार. वन्संनी परात ओढली. मी पुढ्यात बसले, सासूबाई मागून वाकल्या. “एकशे चौऱ्याऐंशीला चारानं भाग,” वन्सं म्हणाल्या आणि थांबल्या. मुलींपुढं थांबत असतील तशा. मी बोटं मोडत, चुकत, पिठात रेघोट्या ओढत एकदाची पोचले. “सेहेचाळीस...” “सेहेचाळीस!” त्या ओरडल्या. “तवा तोच हाय. सकाळीबी सेहेचाळीस, संध्याकाळीबी सेहेचाळीस. तवा काय लबाड न्हाय. आता गुण.” एकशे चौऱ्याऐंशी चोक सातशे छत्तीस. सकाळी साडेअकराशे आणि संध्याकाळी सातशे छत्तीस. आच पार निम्म्याकडं झुकलेली. भाकरी कशानं कडक होणार?

सासूबाईंना पटेना. व्होल्ट एवढे थोडे कमी झाले तर आच एवढी जास्त कशी कमी होईल? शंका बिनतोड होती, मलाही तीच आली होती. वन्सं त्यांच्याजवळ बसल्या आणि समजावलं. “आई, तू जातं ओढलंयस की. ज्वारी तीच, जातं तेच. हाताचा रेटा कमी केलास तर जातंबी हळू फिरतं, व्हय का न्हाय? म्हंजे रेटाबी कमी आन फेरेबी कमी. दोन्हीकडनं मार बसतो. पीठ मग किती पडंल?” सासूबाईंनी जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात हवेत फिरवून बघितला. मग म्हणाल्या, “हौदु.” म्हणजे खरं आहे. “समद्या पेठेतले माग आपला रेटा ओढून घेत्यात म्हण की. म्हणून मागांच्या सुट्टीला भाकरी चांगली हुतीया.” “व्हय,” वन्सं म्हणाल्या. “नवरा घरात असतो म्हणून न्हाय. आन आई, अंगण खरंच वाकडं हाय बरं का.”

भिंतीवर टांगलेल्या दोन काट्यांनी माझी ज्वारी, माझा भाऊ आणि माझा हात, तिघांनाही निर्दोष सोडलं होतं. मी वन्संच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पिठाच्या हातानं माझा दंड धरला. “पाया काय पडतीस? एक ध्यानात ठेव. आधी माप. माप पुरं भरलं तर मग माणसाकडं बघायचं. लोक उलटं करत्यात.” माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. ते मी रात्रीपर्यंत पुसले नाहीत.

पण निर्दोष सुटून जत्रेचा माल तयार होत नाही. वन्संनी पुन्हा परात ओढली. संध्याकाळीही साडेअकराशे वॅट हवेत, व्होल्ट तर एकशे चौऱ्याऐंशीच मिळणार. मग धारा किती हवी? भाग दिला, सव्वासहा अँपिअर आले. एवढी धारा जायला रोध किती हवा? पुन्हा भाग, साडेएकोणतीसच्या जरा आत. “म्हंजे तार तीच, पण आखूड. पंचवीस वीत असंल तर सोळा वीत.” यावर तर सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. तार कमी केली तर आच वाढेल कशी? लाकडं कमी घातली की जाळ वाढतो होय? कॉइल करणारा कारागीरही हेच म्हणाला. वन्संनी त्याला पिठाऐवजी त्याच्याच फळीवर खडूनं गणित करून दाखवलं. वाट आखूड झाली की अडथळा कमी, धारा जास्त. तो म्हणाला, “बाई, करून देतो. पन जळाली तर माझ्याकडं येऊ नका.” दुसरी कॉइल बसली, तव्याच्या बाजूला एक बटण आलं. वन्संनी रंगानं एकीकडं ‘सकाळ’ आणि एकीकडं ‘संध्याकाळ’ लिहिलं. त्या संध्याकाळची पहिली भाकरी मी मोडली नाही, सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी कानाशी नेऊन मोडली. कट्... आणि उरलेला तुकडा शेंगाच्या चटणीला लावून तिथंच खाल्ला. जत्रेचा माल आमच्याकडूनच गेला.

आता तुम्ही म्हणाल, सुखी झाली बाई. कुठली! पहिल्याच मागांच्या सुट्टीला मी नेहमीसारखी संध्याकाळी ‘संध्याकाळ’ बटण दाबून बसले. माग बंद, व्होल्ट पुरे दोनशे तीस, आणि कॉइल आखूड. तवा लालबुंद! पहिला घाणा कोळसा झाला. हे उंबऱ्यावर बसले होते, ते म्हणाले, “मी घरात हाय म्हणून जरा जास्तच कडक झाली वाटतं.” वन्सं बाहेरून धावत आल्या, काटा बघितला आणि कपाळावर हात मारला. रागावतील वाटलं, पण त्यांनी फडकं ओलं करून बटणाजवळचा रंग पुसायला घेतला. “चूक माझी. सकाळ-संध्याकाळ लिहायलाच नको होतं. घड्याळ बघायचं न्हाय, काटा बघायचा.” वाळलेला रंग धड पुसला गेला नाही. ते दोन शब्द अर्धवट पुसलेले अजून तसेच आहेत.

त्या दिवसापासून घरात ‘किती?’ सुरू झालं. मी तव्यापुढं बसले की बाहेरच्या खोलीतून, वह्या तपासता तपासता, वन्संचा आवाज. किती? मी काटे वाचायचे. “दोनशे सात. साडेचार.” “रोध?” “सेहेचाळीस.” “शक्ती?” “थांबा की, वन्सं... साडेनऊशेला जरा कमी.” “जरा म्हंजे?” असं चालायचं. गणितात कायम मार खाल्लेली मी, भाकरी उलटता उलटता भागाकार करू लागले. पुढं माझ्याकडं दोन बायका कामाला आल्या तर वन्संनी त्यांनाही सोडलं नाही. सेहेचाळीस हा आमच्या घरचा लाडका आकडा झाला. मला सेहेचाळीस वर्षं पुरी झाली त्या वाढदिवसाला वन्संनी मला साडी दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आज तू तव्याएवढी झालीस. आता बदलू नको.” त्यांचं हे वेड फक्त घरापुरतं नव्हतं. कुणाकडं जेवायला गेल्या तरी त्यांची नजर आधी इस्त्रीवर, गिझरवर. बारशाला गेल्या आणि पाळण्यापेक्षा त्यांच्या इन्व्हर्टरचीच जास्त चौकशी करून आल्या, अशी आमच्या नात्यात त्यांची कीर्ती होती. पण कुणी कुणाला दोष देत असलं, सून असो, पोरगं असो, कामवाली असो, की वन्संचा प्रश्न ठरलेला. “मोजलंस का?” त्या एका प्रश्नानं कितीतरी भांडणं जागच्या जागी निवली.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, धुराविना गेल्या, याचं वन्संना समाधान होतं. पेठेतले माग एकेक करून बंद झाले, यांचा कारखानाही मिटला. हे आता भाकऱ्या बांधून दुकानांत पोचवतात आणि जॉबर होते तसेच तव्याचीही निगा राखतात. संध्याकाळी काटा हळूहळू वर वर राहू लागला, दोनशे दहा, दोनशे वीस. मी एकदा आनंदानं वन्संना सांगितलं, व्होल्ट सुधारले. त्यांनी वही बाजूला ठेवून बाहेर कान दिला. “सुधारले, पण खडखड गेली गं,” म्हणाल्या. आखूड कॉइलचं बटण तेव्हापासून कुणी दाबलेलं नाही. पण काढूनही टाकलेलं नाही. निवृत्त झाल्यावर वन्सं दिवसभर बाहेरच्या खोलीत खुर्ची दाराकडं वळवून बसायच्या. तिथून त्यांना मीटर दिसायचे, तरी विचारायच्या. मी एकदा म्हणाले, “दिसतंय की तुमाला तिथनं.” तर म्हणाल्या, “काटा दिसतो. तू कशी हायस ते तू बोललीस की कळतं.”

त्यांच्याशिवाय घर उदास झालं आहे असं मी म्हणणार नाही. त्या भरपूर जगल्या, खणखणीत जगल्या, आणि जाताना एका नर्सला भांबावून गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा तव्यापुढं बसले. बायका कामाला आल्या, पीठ मळलं, भाकऱ्या झाल्या. संध्याकाळचा पहिला घाणा मी काढला आणि एक भाकरी हातात घेतली तर... वातड. इतक्या वर्षांनी. टॉवेलासारखी घडी होणारी. एक बाई हळूच म्हणाली, “मावशी, हे पीठ नव्या पोत्यातलं हाय, तसलंच असंल.” दुसरी म्हणाली, “तवाच आता म्हातारा झालाय.” मी दोघींना हातानं थांबवलं. काटे बघितले. परात ओढली, कोरड्या पिठावर तळहात फिरवला आणि बोटानं लिहिलं. दोनशे तीस, पाच. भागिले, सेहेचाळीस. गुणिले, साडेअकराशे. पुरं माप, एका काट्यानंही कमी नाही. मग आठवलं, पिठात पाणी मीच ओतलं होतं, आणि तेही उकळायच्या आधीच. पाण्याला उकळी येईपर्यंत रोज बाहेरून ‘किती?’ यायचं, आणि आज ते न आल्यानं माझं लक्ष दाराकडंच होतं.

मला वाईट वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. माझा हात चुकला, हे इतक्या खात्रीनं मला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याची लाज वाटत नव्हती. ती वातड भाकरी मी टाकली नाही. दही आणि शेंगाची चटणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, वन्संच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून सावकाश चावून चावून खाल्ली. मग खुर्चीकडं तोंड करून, आतल्या दोघींना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, “दोनशे तीस, पाच, सेहेचाळीस. वन्सं, आज अंगण अगदी सरळ हाय. नाचच चुकला माझा.” आणि उठून आत गेले, पाणी पुन्हा गॅसवर ठेवलं, आणि त्याला खळखळून उकळी येईपर्यंत तिथंच उभी राहिले.